डायव्ह कॉम्प्युटरची दुरुस्ती सदोष निघाली तर दुकानाशी व्यवहार कसा करावा

मुंबईतील हौशी डायव्हरांचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचा समुद्र खवळलेला असतो, गोव्यातील आणि कर्नाटकातील नेत्राणी बेटाकडे जाणाऱ्या बोटी थांबलेल्या असतात, आणि म्हणून डायव्ह कॉम्प्युटरची बॅटरी बदलणे, काच किंवा पट्टा बदलणे, खोलीचा सेन्सर तपासून घेणे ही कामे याच काळात दुकानाकडे सोपवली जातात. याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. जुलैत केलेली दुरुस्ती खरोखर नीट झाली आहे की नाही, हे नोव्हेंबरात पाण्याखाली गेल्यावरच कळते. तोपर्यंत पैसे दिलेले असतात, पावती कुठे ठेवली ते आठवत नसते, आणि दुकानदाराकडे एक उत्तर तयार असते: ‘आमच्याकडून गेला तेव्हा चांगला चालत होता, नंतर तुमच्याकडूनच काहीतरी झाले असेल.’ दुरुस्तीच्या बहुतेक तंट्यांत खरा वाद एवढाच असतो की दुकानाच्या काउंटरवरून अलीकडे-पलीकडे जाताना यंत्र कोणत्या स्थितीत होते. ती स्थिती दोन्ही वेळा नोंदवून ठेवली असेल, तर पुढचे सर्व सोपे जाते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. डायव्ह कॉम्प्युटर पाण्याचा दाब मोजतो, त्यावरून खोली काढतो, आणि खोली व वेळ यांच्या आधारे शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब सतत करत राहतो. खोली चुकली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ३० मीटर खोलीवर थांबण्याची मर्यादा २० मिनिटांची आहे, तर २५ मीटरवर ती २९ मिनिटांची आहे. म्हणजे ३० मीटरवर असताना २५ मीटर दाखवणारा कॉम्प्युटर डायव्हरला नऊ मिनिटे जास्त खाली राहू देतो, आणि पडद्यावर धोक्याची कोणतीही खूण दिसत नाही. म्हणून ज्या यंत्राबद्दल शंका आहे ते मनगटावर बांधून, त्याच्या भरवशावर कोणीही पाण्यात उतरू नये. दुकानदाराला दोष सिद्ध करून दाखवण्यासाठी तर मुळीच नाही.

दुकानात देण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे यंत्रातील सर्व डायव्हच्या नोंदी संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेणे. आतील सर्किट बदलावे लागले तर या नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता असते, हे एक कारण झाले. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे: प्रत्येक डायव्हचा खोली आणि वेळ यांचा आलेख हा यंत्राच्या प्रकृतीचा लेखी पुरावा असतो. चांगल्या सेन्सरचा आलेख सलग वळणांचा असतो. बिघडलेल्या सेन्सरच्या आलेखात खोली एका क्षणात अनेक मीटर खालीवर उडी घेते, किंवा डायव्हर पृष्ठभागावर आल्यानंतरही रेषा शून्यावर येत नाही. कंपनीचे स्वतःचे ॲप चालते. नसेल तर लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेले ‘सबसरफेस’ हे मोफत सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांचे कॉम्प्युटर वाचू शकते. दुरुस्तीपूर्वीचा आलेख हाती असेल, तर दुरुस्तीनंतरचा आलेख त्याच्या शेजारी ठेवता येतो, आणि अशा दोन आलेखांपुढे तोंडी युक्तिवाद फारसा टिकत नाही.

त्यानंतर चांगल्या उजेडात छायाचित्रे काढावीत. अनुक्रमांक, काचेवरचे ओरखडे, बॅटरीच्या झाकणाची खाच किंवा मागचे स्क्रू, दाबाच्या सेन्सरची छिद्रे आणि बटणे हे सर्व जवळून दिसले पाहिजे. यंत्र चालू असेल तर प्रत्येक पडदा दाखवणारा एक सलग व्हिडिओ काढावा. झाकणाच्या खाचेचे छायाचित्र अनेकांना निरर्थक वाटते, परंतु झाकण चुकीच्या हत्याराने जोर लावून उघडले गेले असेल तर त्याची पहिली खूण तिथेच उमटते.

काही मॉडेलांमध्ये बॅटरी काढल्यावर शरीरातील उरलेल्या नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. त्यामुळे सहलीच्या मध्येच, दोन डायव्हच्या दरम्यान, बॅटरी बदलून घेऊ नये.

काउंटरवर

मुंबईत डायव्हिंगचे साहित्य विकणारी दुकाने थोडी आहेत, आणि त्यांतील सर्वच जण स्वतः दुरुस्ती करत नाहीत. अनेकदा दुकान केवळ यंत्र स्वीकारते आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे, कधी परदेशातही, पाठवते. म्हणून काम प्रत्यक्ष कोण करणार आणि कुठे करणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. यंत्र देशाबाहेर जाणार असेल, तर ते दुरुस्तीसाठी जात असल्याची सीमाशुल्काची कागदपत्रे दुकान करणार आहे का, आणि परत येताना काही शुल्क लागले तर ते कोणी भरायचे, हेही तेव्हाच लिहून घ्यावे. हा मुद्दा तोंडी सोडला तर दुरुस्तीच्या बिलाबरोबर एक अनपेक्षित आकडा समोर येऊ शकतो.

जॉब शीट, म्हणजे कामाची लेखी नोंद, घेतल्याशिवाय यंत्र हातातून सोडू नये. ‘ओळखीचे दुकान आहे, कागद कशाला’ हा संकोच मी समजू शकतो, कारण आपल्या टाक्या भरून देणारे आणि आपल्याला मालवणला नेणारे लोकही बहुधा तेच असतात. परंतु कागद केल्याने ओळख बिघडत नाही, उलट कागद नसल्याने पुढे बिघडते. जॉब शीटवर यंत्राचे मॉडेल आणि अनुक्रमांक, दिल्याची तारीख, आपण सांगितलेली तक्रार, अंदाजे खर्च आणि परत मिळण्याची तारीख असावी. ‘सर्व्हिसिंग’ एवढाच शब्द लिहून देऊ नये. ‘पृष्ठभागावर असताना १.२ मीटर खोली दाखवतो’ किंवा ‘नवी बॅटरी दोन आठवड्यांत उतरते’ असे नेमके वाक्य लिहवून घ्यावे, कारण पुढे दोष तोच आहे की नवा आहे हे ठरवताना हेच वाक्य वाचले जाते.

तीन गोष्टी मात्र आग्रहाने मागाव्यात. पहिली म्हणजे बॅटरी बदलताना ओ-रिंगही (झाकणातून पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी) नवी बसवली जाईल आणि काढलेले जुने भाग परत मिळतील. दुसरी, काम झाल्यावर यंत्राची प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे पाण्याखालच्यासारखा दाब निर्माण करणाऱ्या बंद भांड्यात, चाचणी होईल आणि किती मीटरपर्यंतच्या दाबाला झाली ते बिलावर लिहिले जाईल. तिसरी, केलेल्या कामाची हमी किती महिन्यांची आहे. पावसाळ्यात दिलेल्या कामाला तीन महिन्यांची हमी मिळाली तर ती पहिल्या डायव्हपूर्वीच संपते. म्हणून ती परत घेतल्याच्या तारखेपासून निदान सहा महिने असावी असे सांगून पाहावे. अनेक दुकानदार हे मान्य करतात, फक्त कोणी विचारत नाही.

दुकानाकडे छापील जॉब शीट नसेल, तर तिथेच उभे राहून हा सर्व मजकूर व्हॉट्सॲपवर दुकानाच्या क्रमांकाला पाठवावा आणि ‘बरोबर आहे’ असे उत्तर घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने आपण वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली असते, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ नुसार ती ताब्यात घेणाऱ्याने, एखादा समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक असते.

परत घेताना

घाईच्या वेळी, दुकान बंद होण्याच्या सुमारास यंत्र घ्यायला जाऊ नये. शांतपणे अर्धा तास मिळेल अशी वेळ निवडावी आणि काउंटरवरच तपासणी करावी. काचेच्या आतून धुके किंवा ओलावा दिसतो का, पडद्यावरील एखाद्या अंकाचा तुकडा गायब आहे का, सर्व बटणे दाबली जातात का, बॅटरीचे चिन्ह पूर्ण भरलेले आहे का, तारीख आणि वेळ बरोबर आहे का, टाकीतील ऑक्सिजनच्या प्रमाणाची सेटिंग साध्या हवेसाठी २१ टक्के आहे का, हे पाहावे. बॅटरीचा प्रकारही विचारावा. उदाहरणार्थ, सीआर २४५० आणि सीआर २४३० या दोन्ही बॅटऱ्यांचा व्यास सारखाच असतो, पण पहिली ५ मिलिमीटर जाड आणि दुसरी ३ मिलिमीटर जाड असते. पातळ बॅटरी बसवली तर संपर्क सैल राहून यंत्र पाण्याखाली मध्येच बंद पडू शकते.

प्रेशर चेंबरची चाचणी शक्य असेल तर आपल्यासमोर करायला सांगावी. पाण्याखाली दर १० मीटरला दाब सुमारे १ बारने वाढतो; त्यामुळे बादलीत बुडवून ‘बघा, पाणी गेले नाही’ असे दाखवण्याला काहीच अर्थ नाही. तळहाताएवढ्या खोलीवर टिकणारी ओ-रिंग ३० मीटरवर टिकेलच असे नसते. त्याउलट, ओ-रिंगवर राहिलेला एखादा केस किंवा वाळूचा कण चेंबरमध्ये बहुधा उघडा पडतो. चेंबरचा दाब १०, २० आणि ३० मीटरला आणून प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने दाखवलेल्या आकड्याचे छायाचित्र काढावे.

बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे. त्यावर केलेले काम आणि बदललेले भाग वेगवेगळे लिहिलेले असावेत. बिल किंवा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढे शांतपणे सांगितले तरी सहसा बिल मिळते. ‘काम समाधानकारक झाले’ अशा छापील ओळीखाली सही मागितली, तर तिच्यावर ‘पाण्याखालील चाचणी व्हायची आहे’ असे लिहून मग सही करावी.

काम चुकलेले दिसत असूनही दुकानदार पूर्ण पैसे दिल्याशिवाय यंत्र देत नसेल, तर हमरीतुमरीवर येऊ नये. करार कायद्याच्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवण्याचा हक्क असतो, आणि काम ठरल्याप्रमाणे झाले की नाही याचा निकाल काउंटरवर लागत नाही. अशा वेळी पैसे ऑनलाइन भरावेत, बिलावर ‘तक्रार कायम ठेवून पैसे दिले’ असे लिहावे, त्याचे छायाचित्र काढावे आणि यंत्र ताब्यात घ्यावे. यंत्र आपल्याकडे असणे हे पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगाचे ठरते.

समुद्राची वाट न पाहता पुढच्याच आठवड्यात एखाद्या प्रशिक्षकाच्या सोबतीने तरण तलावात चाचणी करावी. तलावाच्या कडेला खोली लिहिलेली असते, आणि शेजारी दुसरा भरवशाचा कॉम्प्युटर ठेवून दोन्हींचे आकडे एकाच व्हिडिओत घेता येतात. खाऱ्या पाण्यासाठी लावलेले यंत्र गोड्या पाण्यात खोली सुमारे ३ टक्के कमी दाखवते. म्हणजे ४ मीटरच्या तळाशी ३.९ आला तर तो दोष नव्हे. ३ मीटर आला तर मात्र निश्चितच दोष आहे. समुद्रातील पहिल्या डायव्हला आपले नेहमीचे दुसरे साधन, म्हणजे स्वतंत्र डेप्थ गेज (खोली दाखवणारा मापक) आणि घड्याळ किंवा दुसरा कॉम्प्युटर, स्वतःच्या अंगावर असलेच पाहिजे. जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर दोघांनी डायव्ह करणे योग्य नाही, कारण दोघांची खोली एकसारखी राहत नाही. पाण्याखाली असतानाच यंत्र बंद पडले तर सावकाश वर यावे, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे आणि त्यानंतर निदान २४ तास पुन्हा पाण्यात उतरू नये.

दोष दिसल्यावर पहिल्या तासात

या तासात जे केले जाते त्यावर पुष्कळ काही ठरते, आणि नेमके याच वेळी लोक गडबडीत पुरावा नष्ट करतात. बोटीवरच कोणीतरी स्क्रूड्रायव्हर पुढे करतो, झाकण उघडले जाते, आतले पाणी झटकले जाते, ओ-रिंग पुसून परत बसवली जाते. नंतर ती ओ-रिंग मुळात पिळवटलेली होती की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

काचेआड पाणी दिसले तर आधी तारीख-वेळ दिसेल असा सलग व्हिडिओ काढावा. झाकण कंपनीच्या पुस्तिकेनुसार वापरणाऱ्याने उघडायचे नसेल तर ते तसेच राहू द्यावे, यंत्र कोरड्या कापडात गुंडाळावे आणि ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत पिशवीत बंद करावे. झाकण वापरणाऱ्याने उघडण्यासारखे असेल, तर व्हिडिओ चालू ठेवूनच उघडावे, ओ-रिंगची स्थिती जवळून टिपावी, आणि बॅटरी काढून वेगळी ठेवावी, कारण खाऱ्या पाण्यात राहिलेली बॅटरी आतले धातूचे भाग झपाट्याने गंजवते. ओ-रिंग आणि बॅटरी फेकू नयेत. सोबत असलेल्या प्रशिक्षकाकडून किंवा जोडीदाराकडून काय दिसले ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून, सही करून घ्यावे. दोष खोलीच्या आकड्याचा असेल तर नोंदी पुन्हा उतरवाव्यात आणि जोडीदाराच्या यंत्राचा त्याच डायव्हचा आलेखही मागून घ्यावा.

इथे स्वतःशी प्रामाणिक राहणेही गरजेचे आहे. सेन्सरच्या छिद्रांत मीठ साचणे, डायव्हनंतर यंत्र गोड्या पाण्यात न भिजवणे, ते तापलेल्या गाडीत ठेवणे, ही कारणे दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी मारता येत नाहीत. फक्त बॅटरी बदलायला दिलेल्या जुन्या यंत्राचा सेन्सर सहा महिन्यांनी बिघडला, तर दोन्हींचा संबंध जोडणे कठीण असते. बॅटरी बदलल्यानंतरच्या पहिल्याच डायव्हला झाकणातून पाणी शिरले, तर मात्र संबंध सरळ आहे.

दुकानाशी बोलणी आणि पत्र

पहिला फोन तक्रारीचा नसून माहितीचा असावा, आणि तो दोष दिसल्यापासून एक-दोन दिवसांत झाला पाहिजे. मालकाला किंवा व्यवस्थापकाला थेट भेटावे, व्हिडिओ दाखवावा आणि काय हवे ते नेमके सांगावे. मागणी तीनपैकी एक असते: काम विनामूल्य पुन्हा करणे, दुरुस्तीचे पैसे परत करणे, किंवा सदोष कामामुळे यंत्रच निकामी झाले असेल तर त्याची भरपाई. जुन्या यंत्राच्या बदल्यात नवे कोरे यंत्र मागणे सहसा टिकत नाही. त्याच्या वयाप्रमाणे कमी झालेली किंमत मागणे वाजवी असते. दुकानदार ‘चूक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची आहे’ असे म्हणाला, तर आपला व्यवहार आणि पैसे दुकानाशी झाले आहेत, सर्व्हिस सेंटरशी दुकानाने बोलावे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. यंत्र पुन्हा तपासणीसाठी मागितले तर ते नव्या जॉब शीटवरच द्यावे, आणि आतले पाणी व गंज यांची नोंद तीवर करून घ्यावी.

भेटीनंतर त्याच संध्याकाळी काय ठरले ते लेखी पाठवावे. ठरलेल्या मुदतीत काही झाले नाही, तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने औपचारिक पत्र पाठवून पोच जपून ठेवावी. वकिलाची नोटीस या टप्प्यावर आवश्यक नाही; पुढील मजकूर पुरेसा असतो:

‘महोदय, मी दिनांक … रोजी … मॉडेलचा, … अनुक्रमांकाचा डायव्ह कॉम्प्युटर … या कामासाठी आपल्याकडे दिला होता आणि बिल क्रमांक … अन्वये रुपये … भरून दिनांक … रोजी परत घेतला. दिनांक … रोजी … येथे पहिल्याच वापरात त्यात … हा दोष आढळला. त्याची छायाचित्रे, डायव्हच्या नोंदी आणि सहकाऱ्याचे निवेदन सोबत जोडले आहे. हा दोष आपण केलेल्या कामातील उणिवेमुळे निर्माण झाला आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत … ही पूर्तता करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रार करणे मला भाग पडेल. आपला विश्वासू.’

पत्रात रागाचा एकही शब्द नसावा. हे पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असे समजूनच लिहावे. याच कारणासाठी, प्रकरण चालू असताना डायव्हरांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुकानाविरुद्ध लिहिणेही टाळावे; त्यातून दुकानदाराची माघार घेण्याची वाट बंद होते.

दुकानाने ऐकले नाही तर

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ती निकाल देत नाही, परंतु दुकानाकडे विचारणा जाते आणि तेवढ्याने पुष्कळ प्रकरणे मिटतात. मुंबईत १९६६ पासून काम करणारी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांकडूनही मार्गदर्शन मिळू शकते. तक्रारीचा मसुदा एकदा त्यांच्यासारख्या अनुभवी माणसांच्या नजरेखालून जावा, असे मला वाटते.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या किंवा काम करत असलेल्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. म्हणजे गोव्यातील दुकानाविरुद्धही बोरिवलीत राहणारा डायव्हर मुंबईत तक्रार करू शकतो. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. दुकानाबरोबर सर्व्हिस सेंटरलाही विरुद्ध पक्ष करावे, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याला अर्थ उरत नाही.

तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते. आयोग यंत्र प्रयोगशाळेत पाठवू शकतो, परंतु डायव्ह कॉम्प्युटर तपासणारी प्रयोगशाळा सहज सापडत नाही. म्हणून दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे लेखी मत आधीच घेऊन ठेवणे हा माझ्या मते यातील सर्वांत फायद्याचा खर्च आहे. त्याची पावती भरपाईच्या मागणीत जोडता येते. व्हॉट्सॲपवरील संदेश दाखल करताना १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जोडावे, आणि मूळ संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नये. रद्द झालेल्या सहलीचा खर्च मागायचा असेल तर त्याची तिकिटे आणि बुकिंगच्या पावत्या लागतात. मानसिक त्रासाबद्दल अवाजवी रक्कम मागितल्याने मुख्य मागणीचे वजन कमी होते.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर दुकानाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात याहून जास्त वेळ जातो. आयोगाने मध्यस्थीचा पर्याय सुचवला आणि दुकान काम पुन्हा करून द्यायला खरोखर तयार असेल, तर तो स्वीकारावा. आदेश आपल्या बाजूने लागला आणि दुकानाला राज्य आयोगाकडे अपील करायचे असेल, तर ४५ दिवसांत आणि आदेशातील निम्मी रक्कम भरूनच ते करता येते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत अशी स्थिती राहिली, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.